अक्कलदाढ काढल्यावर कोणती गोळी? वेदनाशामकांची तुलना नेमकी कशी करतात

‘डॉक्टर, सगळ्यात स्ट्राँग गोळी द्या, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे.’ भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यातल्या कुठल्याही डेंटिस्टला विचारा, हे वाक्य त्यांनी ऐकलेलं असतं. अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचविशीच्या दरम्यान येते, आणि आपल्याकडे याच वयाची हजारो मुलं एमआयडीसीत मशिनवर उभी असतात. त्यात कंत्राटी काम असेल तर एक दिवस घरी राहिलं की खाडा, म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. त्यामुळे ‘कोणती गोळी चांगली’ हा प्रश्न इथे नुसता कुतूहलाचा नाही.

या प्रश्नावर भरपूर संशोधन झालंय, आणि त्याचं उत्तर बऱ्याच जणांच्या समजुतीपेक्षा वेगळं आहे. वेदना मोजणं हा माझ्या पीएच.डी.च्या कामाचा भाग असल्यामुळे हे अभ्यास रोजच्या वाचनात असतात. आज ते आकडे कसे काढले जातात, काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते बघूया.

सगळे अक्कलदाढेच्याच मागे का?

नवीन वेदनाशामक औषध बाजारात यायच्या आधी ते माणसांवर तपासून बघावं लागतं. गंमत म्हणजे जगभर त्यासाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा ‘नमुना’ म्हणजे अक्कलदाढ काढलेले रुग्ण. औषध पुढे गुडघ्यासाठी विकायचं असो की पाठीसाठी, पहिली परीक्षा बऱ्याचदा दाढेवर होते.

याची कारणं सरळ आहेत. रुग्ण तरुण असतात, एरवी धडधाकट असतात, दुसरी औषधं चालू नसतात. ऑपरेशन ठरवून केलेलं असतं आणि बहुतेकांमध्ये साधारण सारखंच असतं: हिरडीला छेद, थोडं हाड घासणं, दाढेचे तुकडे करून काढणं, टाके. भूल उतरली की बऱ्याच जणांना मध्यम ते तीव्र ठणका लागतो. दुखणारच नसेल तर औषधाने फरक पडला की नाही हे कळणार कसं? शिवाय पुष्कळांच्या दोन्ही बाजूच्या दाढा काढायच्या असतात. म्हणजे एकाच माणसावर डाव्या दाढेच्या वेळी एक औषध आणि उजवीच्या वेळी दुसरं, अशीही तुलना करता येते.

थोडक्यात, अक्कलदाढेबद्दल आपल्याकडे जेवढे स्वच्छ आकडे आहेत, तेवढे फार कमी दुखण्यांबद्दल आहेत.

ठणका येतो कुठून?

हाड आणि हिरडी दुखावली की त्या जागेच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवू लागतात. ही रसायनं तिथल्या मज्जातंतूंना हळवं करतात. एरवी जाणवलाही नसता असा स्पर्श मग कळ होऊन मेंदूपर्यंत जातो. सोबत रक्तवाहिन्या फुगतात, सूज येते, जबडा उघडत नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम अडवणं हे त्यांचं काम. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं अशी चालतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. प्रोस्टाग्लँडिनवरच्या संशोधनासाठी १९८२ चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. पॅरासिटामॉलचं घराणं वेगळं. ते जखमेच्या जागी सूज फारशी कमी करत नाही, त्याचं काम जास्त करून मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

वेळेचं गणितही महत्त्वाचं आहे. खालच्या जबड्याला दिलेली नेहमीची भूल तीन-चार तास टिकते. ती उतरायला लागली की दुखणं झपाट्याने चढतं आणि पहिल्या दिवशीच कळस गाठतं. सुजेचा कळस मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. म्हणजे ‘आरशात तोंड वाईट दिसतंय’ आणि ‘सगळ्यात जास्त दुखतंय’ हे दोन वेगवेगळे दिवस असतात.

वेदना मोजायची कशी?

थर्मामीटर नाही, रक्ताची तपासणी नाही. विचारावंच लागतं. रुग्णाला शंभर मिलिमीटरची रेघ देतात. एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘याहून जास्त दुखूच शकत नाही’. तो खूण करतो. किंवा शून्य ते दहा आकडा सांगतो. गोळी दिल्यावर ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा विचारतात, बहुधा सहा तास.

मग प्रत्येक माणसाच्या खुणा एकत्र करून बघतात: या सहा तासांत जास्तीत जास्त जेवढा आराम पडू शकला असता, त्याच्या निम्मा तरी याला पडला का? पडला तर ‘पास’. नाही तर ‘नापास’. सरासरी काढण्यापेक्षा हे बरं, कारण वेदनाशामकांत सरासरी फसवी असते. एकाला पूर्ण आराम आणि दुसऱ्याला काहीच नाही, यांची सरासरी ‘दोघांना बरा आराम’ अशी निघते, आणि ते दोघांच्याही बाबतीत खोटं असतं.

दुसरं माप जास्त रांगडं पण प्रामाणिक आहे: ‘दुसरी गोळी द्या’ असं किती जणांनी, किती वाजता म्हटलं?

शंभर जणांची रांग

आता आकडे. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून त्यांची छाननी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०१३ च्या एका आढाव्यात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र देण्याचे तीन अभ्यास आहेत, सगळे अक्कलदाढेवरचे, मिळून १,६४७ जण. प्रत्येक गटात शंभर जण आहेत असं समजून किती ‘पास’ झाले ते बघा:

• नुसती खोटी गोळी, म्हणजे प्लासिबो: ७
• आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ. एकटं: ५२
• आयबुप्रोफेन २०० अधिक पॅरासिटामॉल ५००: ६९
• आयबुप्रोफेन ४०० अधिक पॅरासिटामॉल १०००: ७३

तिसरी ओळ पुन्हा वाचा. आयबुप्रोफेनचा डोस निम्मा केला आणि पॅरासिटामॉलची जोड दिली, तर आकडा बावन्नवरून एकोणसत्तरवर गेला. दोन वेगळ्या घराण्यांतली औषधं दोन वेगळ्या दारांनी काम करतात, म्हणून बेरीज होते. एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या घेतल्या तर तेच दार दोनदा बंद करणं झालं. फायदा फारसा वाढत नाही, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र वाढतो.

पॅरासिटामॉल एकटं कसं? त्याच वर्षीच्या कॉक्रेनच्या दुसऱ्या आढाव्यात सात अभ्यास आणि २,२४१ जण होते. तिथे आयबुप्रोफेन ४०० हे पॅरासिटामॉल १००० पेक्षा सरस ठरलं. सहा तासांत निम्मा आराम मिळण्याची शक्यता जवळपास दीडपट. सूज हेच दुखण्याचं मूळ असेल तर हे अपेक्षितच आहे.

उरलेल्या २७ जणांना विसरू नका. सगळ्यात चांगल्या जोडीनेही शंभरातल्या सत्तावीस जणांना पुरेसा आराम पडला नाही. ‘मित्राला त्याच गोळीने बरं वाटलं, मलाच का नाही’ याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

आणि खोटी गोळी खाऊन पास झालेले ते सात? लिव्हाइन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच एक प्रयोग केला. खोट्या औषधाने ज्यांना आराम पडला होता त्यांना नालॉक्सोन दिलं. हे औषध शरीरातल्या अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखतं. त्यांचं दुखणं वाढलं! म्हणजे ‘मनाचे खेळ’ म्हणून आपण ज्याला उडवून लावतो, त्यात मेंदूने स्वतः बनवलेलं वेदनाशामक असू शकतं. त्या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण प्लासिबोचा अभ्यास तिथून पालटला. म्हणूनच तुलना करताना खोट्या गोळीचा गट ठेवावा लागतो. नाही तर हे श्रेय फुकट औषधाला मिळतं.

मग ‘स्ट्राँग’ गोळीचं काय?

लोक ‘स्ट्राँग’ म्हणतात तेव्हा मनात असतं अफूच्या घराण्यातलं काहीतरी. आपल्याकडे सहसा ट्रामाडॉल, बहुतेक वेळा पॅरासिटामॉलसोबत. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, त्यामुळे ते चिठ्ठीशिवाय मिळू नये अशी अपेक्षा आहे.

अमेरिकेत दंतवैद्यांनी वर्षानुवर्षं दाढेसाठी अफूच्या घराण्यातल्या गोळ्या लिहिल्या आणि त्यातून पुष्कळ तरुण व्यसनाकडे गेले. तिथे पाच ठिकाणी मिळून एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. खालच्या अक्कलदाढा काढलेले १,८०० हून जास्त रुग्ण. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला हायड्रोकोडोन (अफूच्या घराण्यातलं) अधिक पॅरासिटामॉल, दुसऱ्याला आयबुप्रोफेन ४०० अधिक पॅरासिटामॉल ५००. कुणाला काय मिळालंय हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही.

पहिला दिवस आणि पहिली रात्र, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त दुखतं तेव्हा, साध्या जोडीच्या गटाला कमी दुखलं. त्यांना झोपही बरी लागली, आणि नंतरच्या दिवसांतही ती जोडी मागे पडली नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: आधी आयबुप्रोफेनच्या घराण्यातलं औषध, एकटं किंवा पॅरासिटामॉलसोबत. अफूचं घराणं अगदीच गरज पडली तर, आणि थोडे दिवस.

आपल्या पट्ट्यासाठी यात अजून एक गोष्ट आहे. ट्रामाडॉलने गरगरतं, मळमळतं, डोळ्यांवर झापड येते. पॉवर प्रेसवर हात घालणाऱ्या, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या किंवा सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री नाशिक हायवेने बाइकवर घरी जाणाऱ्या माणसाला दाढेपेक्षा या झापडेचा धोका मोठा आहे.

मेडिकलमधलं पाकीट उलटून वाचा

अभ्यासातल्या गोळ्या आणि आपल्या हातात पडणाऱ्या गोळ्या हुबेहूब एक नसतात. आपल्याकडे आयबुप्रोफेन ४०० अधिक पॅरासिटामॉल ३२५ अशी तयार गोळी मिळते. कॉम्बिफ्लाम याच मिश्रणाची. अभ्यासातल्या जोडीच्या ती जवळ आहे, पॅरासिटामॉल थोडं कमी.

डेंटिस्टच्या चिठ्ठीवर मात्र बऱ्याचदा अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० अधिक पॅरासिटामॉल ३२५ असते, आणि नावापुढे ‘एसपी’ असेल तर त्यात सेराशिओपेप्टिडेज हे सूज कमी करण्यासाठी घातलेलं एन्झाइम. दाढेवर त्याचे काही छोटे अभ्यास आहेत, त्यांतल्या काहींत सूज कमी झाल्याचं दिसलं. पण हे औषध ज्या कंपनीने जपानमध्ये आणलं, त्या ताकेदाने २०११ मध्ये ते स्वतःहून मागे घेतलं, कारण नव्याने केलेल्या चाचण्यांत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. दाढेवरच्या छोट्या अभ्यासांपेक्षा मला त्या निर्णयाचं वजन जास्त वाटतं.

दुसरी लाडकी गोळी म्हणजे पाण्यात विरघळणारी केटोरोलॅक १० मिग्रॅ. काम चांगलं करते, पण पोटाला आणि मूत्रपिंडाला जड. म्हणून पाच दिवसांच्या वर घ्यायची नसते.

धोका सुरू होतो तो या गोळ्या एकत्र आल्यावर. सकाळी चिठ्ठीवरची अ‍ॅसिक्लोफेनॅकची, दुपारी मित्राने दिलेली केटोरोलॅक, रात्री घरातली आयबुप्रोफेन. नावं तीन, घराणं एकच. पॅरासिटामॉलचंही तसंच. मिश्रणाच्या तीन गोळ्यांत ९७५ मिग्रॅ. होतं. वर ‘अंग दुखतंय’ म्हणून ६५० च्या चार गोळ्या घेतल्या की बेरीज ३,५७५. धडधाकट मोठ्या माणसासाठी चोवीस तासांची वरची मर्यादा ४,००० मिग्रॅ. समजतात. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर ती बरीच खाली येते. म्हणून नाव नाही, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची.

गोळीशिवाय काय?

भूल: ब्युपिव्हाकेन नावाची भूल नेहमीच्या भुलेपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकते, त्यामुळे दुखण्याचे सुरुवातीचे तास त्यातच निघून जातात. ओठ मात्र तेवढाच वेळ बधिर राहतो, जेवताना चावला जायची भीती.

स्टेरॉइड: ऑपरेशनच्या वेळी डेक्सामेथासोनचा एखादा डोस दिला तर सूज आणि जबडा आखडणं कमी होतं, याचे पुरावे चांगले आहेत. हे डॉक्टरांनी ठरवायचं, मेडिकलमधून आणून घ्यायचं नाही.

बर्फ: अभ्यास छोटे आणि निकाल उलटसुलट. पण पहिल्या दिवशी कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ गालावर धरल्याने तोटा नाही.

लवंगेचं तेल: किडक्या दाढेवर ते बधिरपणा आणतं, हे आजीचं म्हणणं खरं आहे. पण ताज्या उघड्या जखमेत घरी ओतू नका, ते तिथे चरचरतं आणि इजा करतं.

अँटिबायोटिक: हे वेदनाशामक नाहीच. ‘दोन अँटिबायोटिक घेतल्या की ठणका जातो’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यानुसार अक्कलदाढ काढताना १९ जणांना अँटिबायोटिक द्यावं तेव्हा एकाचा जंतुसंसर्ग टळतो. कुणाला द्यायचं हे त्यामुळे डॉक्टर धोका बघून ठरवतात. याच पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती पेनिसिलिन देशात बनावं म्हणून. ज्या औषधासाठी अख्खी वसाहत वसली, ते ठणक्यावर उधळून बोथट करणं परवडणारं नाही.

आकडे जिथे संपतात

आता मर्यादा. वरचे बहुतेक अभ्यास एका डोसचे आणि सहा-आठ तासांचे आहेत. चाकणच्या कामगाराचा दिवस कंपनीची बस धरून दहा-अकरा तासांचा असतो. म्हणजे सकाळी घरी घेतलेली गोळी शेवटच्या दोन-तीन तासांत साथ सोडणारच. तो गोळीचा दोष नाही, पुढच्या डोसची वेळ मधल्या सुट्टीत येते एवढंच. डबा खाऊन ती घेता येईल अशी सोय ठेवा.

दुसरं, अभ्यासात आडदांड निरोगी मंडळी निवडलेली असतात. फाउंड्रीत किंवा फोर्जिंगमध्ये भट्टीसमोर आठ तास घाम गाळणारा, पाणी कमी पिणारा माणूस त्यात नसतो. शरीरात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनचं घराणं मूत्रपिंडाला जास्त त्रास देऊ शकतं. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा आजार, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर ते डेंटिस्टने विचारायची वाट न बघता आधीच सांगा. पावसाळ्यात आणखी एक: दाढ काढल्यावर जोरात ताप आला आणि शहरात डेंग्यूची साथ असेल, तर आयबुप्रोफेन थांबवून डॉक्टरांना दाखवा. डेंग्यूत या घराण्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तिसरं, हे सगळे आकडे पहिल्या दिवसाचे आहेत. दोन दिवस बरं वाटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उलट वाढलं, कानापर्यंत जायला लागलं, तोंडाला वास येऊ लागला, तर तो ड्राय सॉकेट असू शकतो. जखमेवरची रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. तिथे कुठलीही गोळी पुरत नाही, जखम धुऊन आत औषध भरावं लागतं. सिगारेट, तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी ही गुठळी टिकत नाही. नाइट शिफ्टला जाग यावी म्हणून तंबाखूचा बार भरणाऱ्यांनी निदान चार-पाच दिवस हात आखडता घ्यावा. तोंड उघडेनासं झालं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, सूज गळ्याकडे उतरली, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

खुर्चीवरून उठण्याआधी

दाढ वायसीएममध्ये काढा, ईएसआयच्या रुग्णालयात काढा, दंत महाविद्यालयात किंवा गल्लीतल्या क्लिनिकमध्ये. उठायच्या आधी चार प्रश्न विचारा:

१. पहिली गोळी भूल उतरायच्या आधी घेऊ का, आणि किती वाजता? (गोळीला काम सुरू करायला अर्धा-पाऊण तास लागतो. ठणका लागल्यावर घेतली तर तेवढा वेळ सोसावं लागतं.)

२. पहिले एक-दोन दिवस घड्याळाप्रमाणे घेऊ की दुखेल तेव्हा?

३. या गोळीत नेमकी कोणती औषधं आहेत आणि सोबत काय घ्यायचं नाही?

४. माझं काम अमुक आहे, मशिनवर उभं राहिलं तर चालेल का? नसेल चालत तर तसं चिठ्ठीवर लिहून द्याल का?

चौथा प्रश्न कुठल्याही अभ्यासात मोजलेला नाही. तिथे रेघेवर खूण करायला सांगतात, ‘उद्या कामावर जावंच लागेल का’ हे कुणी विचारत नाही. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेली एक दिवसाची विश्रांती सुपरवायझरपुढे ठेवता येते, आणि सुजलेल्या गालाने प्रेसवर उभं राहण्यापेक्षा ती केव्हाही बरी.